दुरून दिसणं आणि दुरून नेमकं दिसणं : रायगडच्या किनाऱ्यावरून

मागच्या दोन व्याख्यानांत आपण दीपगृहं आणि बंदरं पाहिली. आज विषय जरा आडवळणाचा आहे. कॅमेरा एकीकडे, त्याचं चित्र पाहणारा दुसरीकडे आणि भिंगाचं चाक फिरवणारा तिसरीकडे, ही व्यवस्था आली कुठून? आणि रायगडच्या किनाऱ्यानं तिच्यासाठी इतकी वर्षं का वाट पाहिली? 'बिनतारी मॉनिटर' आणि 'रिमोट फोकस' हे शब्द ऐकले की सिनेमावाल्यांची गोष्ट वाटते. ती आहेच. पण आपल्याकडे ती अलिबागच्या वेधशाळेतून, मच्छीमारांच्या होड्यांवरून आणि शेखाडीच्या वाळूवरून जाते, म्हणून ती इतिहासाच्या मालेत घेतली.

सुरुवात अलिबागपासून करू. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं ते प्रसिद्ध चुंबकीय वादळ कुलाब्याच्या उपकरणांनी पकडलं, आणि आजही जगभरचे अभ्यासक ती नोंद काढून पाहतात. विसावं शतक लागता लागता मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेचा प्रवाह म्हटला की चुंबकत्व आलं. रुळांतून आणि जमिनीतून फिरणाऱ्या प्रवाहामुळे सुईची नाजूक हालचाल बिघडणार, हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय. त्यांच्या काळात चुंबकीय नोंदींचं काम खाडीपार अलिबागला हललं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांगड बसावी. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली, कारण आपला काळा कातळ स्वतःच थोडा चुंबकीय असतो.

कॅमेऱ्याचा याच्याशी काय संबंध, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. संबंध असा. त्या वेधशाळेत सुई प्रत्यक्ष बघत बसायची सोय नव्हती. माणूस जवळ गेला की त्याच्या खिशातल्या किल्ल्या, चाकू, चपलेतला खिळा, सगळं सुईला ओढणार. म्हणून चुंबकाला बारीक आरसा लावायचा, त्यावर प्रकाशाची तिरीप टाकायची आणि ती परतून फिरत्या फोटोग्राफिक कागदावर पाडायची. दुसऱ्या दिवशी कागद धुतला की चोवीस तासांची रेघ हाती. पाहणारा जवळ गेला की पाहण्याची वस्तूच बिघडते, तेव्हा डोळा तिथं ठेवायचा आणि माणसानं लांब राहायचं. दूरस्थ निरीक्षणाचं हे तत्त्व रायगडच्या किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांपूर्वीपासून राबतंय. आणि शहराच्या अदृश्य गोंगाटापासून पळून यायचं ठिकाण म्हणजे अलिबाग, हेही तेव्हापासूनच. आता शनिवार-रविवारी लोक तेवढ्याचसाठी येतात, आणि गोंगाट सोबत आणतात. असो.

आता सिनेमाकडे. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. कॅमेरा इंग्लंडहून मागवलेला. पुढं फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) केला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे शिष्य दामले यांनी १९१८ मध्ये स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवला आणि पुढं 'सैरंध्री' (१९२०) त्यावर उभी राहिली. या काळात फोकस म्हणजे काय होतं? आधी नीट बघून भिंग जुळवायचं, अंतर मोजायचं, नटाला जागा आखून द्यायची आणि मग दांडा फिरवत राहायचं. चित्रीकरण चालू असताना भिंगातून नेमकं काय दिसतंय, हे कॅमेऱ्यामागच्या माणसालाही नीट कळत नसे. १९३७ च्या आरीफ्लेक्स कॅमेऱ्यात फिरत्या शटरवर आरसा आला आणि ऑपरेटरला भिंगातलंच दृश्य चालू शॉटमध्ये दिसू लागलं. पण दिसायचं एकट्या ऑपरेटरला. भिंगाचं चाक ज्याच्या हातात, तो फोकस पुलर शेजारी उभा राहून टेपनं मोजलेल्या अंतरावर आणि जमिनीवरच्या खडूच्या खुणांवर काम करायचा. त्याला चित्र दिसत नव्हतं. ते दिसायचं रसायनातून फिल्म निघाल्यावर, तेव्हा सेट मोडलेला असायचा. एवढ्या आंधळेपणानं इतकं नेमकं काम जगात फार थोड्या धंद्यांत झालं असेल. श्रेयनामावलीत मात्र ही मंडळी नेहमी शेवटच्या रांगेत.

ही दोन टोकं वेगवेगळी सुटली, हे आपण लक्षात ठेवायला हवं. एक टोक चित्राचं: जेरी लुईस यांनी 'द बेलबॉय' (१९६०) च्या सेटवर फिल्म कॅमेऱ्याशेजारी व्हिडिओ कॅमेरा लावून मॉनिटरवर आपलं काम पाहिलं, आणि पुढं 'व्हिडिओ असिस्ट' रुळलं. आपल्याकडे बाहेरच्या चित्रीकरणावर काळं कापड पांघरून मॉनिटरपाशी बसलेला दिग्दर्शक दिसू लागला, तो याच वंशातला. दुसरं टोक चाकाचं. गॅरेट ब्राउन यांचा स्टेडीकॅम १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी'त आला. कॅमेरा ऑपरेटरच्या अंगाला बांधलेला, तोललेला, पाण्यावर तरंगावा तसा. त्याच्या भिंगाला कोणी बोट लावलं की तोल गेला. म्हणजे अलिबागचीच अडचण पुन्हा: जवळ जायचं नाही. मग भिंगावर लहानशी मोटर आली, तिला बिनतारी हुकूम देणारं चाक फोकस पुलरच्या हातात आलं, आणि तो कॅमेऱ्यापासून सुटला.

सुटला खरा, पण अजून नटाकडे डोळ्यानंच पाहत होता. दोन्ही टोकं जुळली ती चित्रही बिनतारी येऊ लागलं तेव्हा. आता हे उशिरा का झालं, ते समजण्यासारखं आहे. हुकूम फार लहान असतो. पाळतीच्या कॅमेऱ्यांना आज्ञा द्यायची 'पेल्को-डी' नावाची एक जुनी रीत आहे. तिच्यात एक आज्ञा फक्त सात बाइटांची. 'कॅमेरा डावीकडे', 'झूम आत', 'फोकस जवळ', 'फोकस दूर', सगळं त्या सात बाइटांत बसतं. उलट पूर्ण हाय डेफिनिशन चित्र न दाबता आणायचं तर सेकंदाला दीड अब्ज बिट. जाताना पोस्टकार्ड आणि येताना मालगाडी! पोस्टकार्ड कुठूनही पाठवता येतं. मालगाडीला रूळ लागतात.

मग चित्र दाबून का पाठवू नये? टीव्हीवर आपण तेच करतो. पण दाबायला वेळ लागतो आणि उघडायलाही. हिशोब सोपा आहे. ८५ मिलिमीटरचं भिंग, छिद्र २ वर, नट ३ मीटरवर. या स्थितीत नेमकं दिसण्याची खोली साधारण १२ सेंटिमीटर, अर्ध्या वितीपेक्षा जराशी जास्त. चित्र पोचायला एक पंचमांश सेकंद उशीर झाला, तर साध्या चालीनं येणारा नट तेवढ्यात पाव मीटरहून जास्त पुढं आलेला असतो. फोकस पुलर पडद्यावर ज्याला टिपतोय, तो माणूस त्या जागेवरून केव्हाच गेलाय. म्हणून २०१० नंतर अमेरिकेतल्या टेराडेक कंपनीच्या 'बोल्ट'सारखी यंत्रं आली तेव्हा खरा बदल झाला. इस्रायलच्या अमिमॉनच्या चिपवर ती चालत, चित्र नेहमीच्या रीतीनं न दाबता ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर पाठवत आणि उशीर एक मिलिसेकंदाच्याही आत. नव्या पिढीतले अनेक फोकस पुलर मॉनिटरवरच काम करतात, टेप क्वचित काढतात. जुन्या मंडळींना हे पटत नाही. पडद्यावर फोकस गेलेला दिसला, म्हणजे तो आधीच गेला, असं त्यांचं म्हणणं, आणि आम्हाला ते बरोबर वाटतं.

आपल्या देशात या लहरी वापरायच्या तर परवान्याचा प्रश्न होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवान्यातून मोकळे केले, उघड्यावरच्या वापरासकट. अलिबाग, काशीद, मुरूड या पट्ट्यात जाहिरातींची, मालिकांची, चित्रपटांची चित्रीकरणं चालतात. तिथं या लहरींचा स्वभाव चांगला कळतो. कॅमेरा आणि मॉनिटर एकमेकांना दिसायला हवेत. मध्ये नारळी-पोफळीची वाडी आली, त्यातही ती पावसानं ओली, की चित्र मुंग्यांनी भरतं, कारण पानांतलं पाणी लहरी पिऊन टाकतं. माणसाचं अंगही बहुतेक पाणीच, म्हणून अँटेनासमोर बघ्यांची गर्दी झाली तरी तेच. आणि समोर भरतीचं सपाट पाणी असेल तर वेगळीच गंमत. थेट आलेली लहर आणि पाण्यावरून उसळून आलेली लहर एकमेकींना मारतात. दोन पावलं सरकलं की चित्र परत येतं. त्यामुळे किनाऱ्यावर अँटेना उंच काठीवर बांधायची, हे इथं काम करणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

इथवरची गोष्ट करमणुकीची झाली. आता जिच्यासाठी हा विषय घेतला, ती.

रायगडला सुमारे २४० किलोमीटरचा किनारा आहे: उरण, रेवस, मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. खाड्या धरल्या तर लपायच्या जागा अगणित. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला माल उतरला. शेखाडीला उतरलेल्या मालात आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत जे झालं, त्यात २५७ माणसं गेली. मग २६ नोव्हेंबर २००८. दहा माणसं 'कुबेर' नावाची मच्छीमार नौका ताब्यात घेऊन आली आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरली. १६६ जणांचा बळी गेला. यानंतर किनाऱ्यावर यंत्रांचे डोळे बसवायचं ठरलं. तटरक्षक दलाच्या किनारी टेहळणी जाळ्याच्या पहिल्या टप्प्यात देशभर ४६ ठिकाणं झाली: ३६ मुख्य भूमीवर, ६ लक्षद्वीप भागात, ४ अंदमानात. बरीचशी दीपगृहांच्या आधारानं. प्रत्येक ठिकाणी रडार, जहाजांची ओळख पकडणारं यंत्र आणि दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे. कॅमेऱ्यापाशी कोणी बसत नाही. चित्र लांबच्या खोलीत जातं आणि भिंगाचं चाक त्या खोलीतून फिरतं.

म्हणजे बघा, जे दीपगृह दीडशे वर्षं 'मला बघा' असं सांगत उभं होतं, त्याला आता 'तू बघ' असं सांगितलं. खांदेरीचं दीपगृह १८६७ चं. ज्या बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तटबंदी उभी केली, तेच हे बेट. टेहळणी त्या बेटाला नवी नाही.

समुद्रावरचा फोकस हे सेटवरच्या फोकसपेक्षा निराळं प्रकरण आहे. पुष्कळांना वाटतं, एवढ्या लांबचं पाहायचं तर भिंग अनंतावर ठेवलं की झालं. तसं होत नाही. ८० मीटर उंचीवरून पाहिलं तर क्षितिज सुमारे ३२ किलोमीटरवर. भिंग १००० मिलिमीटरचं, छिद्र ८ आणि आतला सेन्सर लहान असेल, तर २ किलोमीटरवरच्या होडीवर जुळवल्यावर साधारण पावणेदोन ते सव्वादोन-अडीच किलोमीटरमधलंच नेमकं दिसेल. होडी पुढं सरकली की चाक फिरवणं आलं. शिवाय कॅमेरा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका हलला तरी दोन किलोमीटरवर चित्र अर्ध्या मीटरहून जास्त सरकतं. तिथं भिंगाला हात लावायचा विचारही नको.

मग स्वयंचलित फोकस? तो दृश्यातला उठाव शोधतो. समुद्रावर उठाव कुठला? चमचमणाऱ्या लाटा, उन्हाची वाफ, धुरकट क्षितिज. यंत्र बिचारं चाक पुढं-मागं करत राहतं आणि शेवटी काचेवरच्या मिठाच्या डागावर किंवा जवळच्या झावळीवर स्थिरावतं. रात्रीच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची कथा आणखी वेगळी. साध्या काचेतून त्या लहरी जातच नाहीत, म्हणून त्याचं भिंग जर्मेनियमचं करतात. आणि जर्मेनियम तापमानाला फार हळवं. दुपारी जुळवलेला फोकस पहाटे मतलई सुटल्यावर आपोआप हललेला असतो. म्हणून तिथं मोटर ही चैन नाही, तिच्याशिवाय कॅमेरा निरुपयोगी.

हे सगळं तंत्र कशासाठी, तर शेवटी एक ओळ वाचता यावी म्हणून. आपल्या मासेमारी नौकांवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, 'आयएनडी-एमएच' पासून सुरू होणारा. ५०० मिलिमीटरच्या भिंगातून एक किलोमीटरवरचं पाव मीटर उंचीचं अक्षर सेन्सरवर चाळीसेक ठिपक्यांत मावतं. त्या अक्षराची रेघ सहा-सात ठिपके जाडीची. फोकस अनंतावर राहिला तर प्रत्येक ठिपका दहाएक ठिपक्यांएवढा पसरतो. रेघा एकमेकींत मिसळतात, ३ चा ८ होतो. होडी दिसते, पण कोणाची ते कळत नाही.

आणि कोळीवाड्यांत हा प्रश्न अतिरेक्यांच्या आधी पोटाचा आहे. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून ओढायला केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. पर्ससीन जाळ्यांवर राज्याचे निर्बंध आहेत. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो, आणि डोल लावणाऱ्या लहान नाखव्याच्या जाळ्यात दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. तक्रार केली तर विचारणा होते, नंबर सांगा. रात्री हेलकावणाऱ्या होडीतून तो नंबर वाचणार कोण? जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानं ड्रोनवरून देखरेख सुरू केली. ड्रोन म्हणजे बिनतारी चित्र आणि दुरून चालवलेलं भिंग, दोन्ही उडत्या पेटीत बांधलेलं. सेटवरचं सामान आता बंदरावर आलं. दंडाची कारवाई टिकायची तर त्या चित्रात नंबर वाचता यायला हवा. त्यामुळे फोकसचं चाक हा इथं पुराव्याचा भाग झालाय.

पण आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण कॅमेरे बसवण्याच्या उत्साहात ती मागं पडते. १९९३ मध्ये शेखाडीला माल उतरला तो कॅमेरा नव्हता म्हणून उतरला, असं नाही. किनाऱ्यावर माणसं होती, चौक्या होत्या, कस्टम होतं. टाडा न्यायालयानं पुढं ज्यांना दोषी ठरवलं त्यांत काही कस्टम अधिकारी आणि पोलीसही होते. दिसत होतं. बघायचं नाही, असं ठरलेलं होतं. या दुखण्यावर कुठलंच भिंग चालत नाही. बिनतारी चित्राचा त्यात एवढाच उपयोग की, तेच चित्र एकाच वेळी दोन-तीन खोल्यांत जातं आणि साठून राहतं. एकट्या चौकीला डोळे मिटणं सोपं असतं, तीन खोल्यांना जरा अवघड.

आणि १८ ऑगस्ट २०२२ चं हरिहरेश्वर. एक रिकामी नौका किनाऱ्याला लागली, 'लेडी हान' नावाची. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. राज्यभर धावपळ उडाली. नंतर कळलं की ती ऑस्ट्रेलियन मालकिणीची नौका, जूनमध्ये ओमानजवळ बिघडून सोडून दिलेली, दोन महिने वाहत वाहत पावसाळी समुद्रातून इकडं आली. ऐन श्रावणातला समुद्र. ढग खाली उतरलेले, पावसाची चादर, लाटांचा फेस. अशा दिवशी काचेचं भिंग असो की जर्मेनियमचं, थोड्या अंतरापलीकडं दोन्ही आंधळी. ती नौका पहिल्यांदा पाहिली आणि पोलिसांना कळवलं, ते किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांनी.

पुढच्या व्याख्यानात याच किनाऱ्यावरच्या खाड्यांमधली कस्टमची नाकी घेऊ. आज ज्यांनी कधी सेटवर टेप धरला असेल किंवा बोटीवर रात्र काढली असेल, त्यांचे प्रश्न आधी घेऊ या.